बचावाला द्यायचं राहिलं ते

मार्च ३, मंगळवार

आज मला माझा स्वतःचा खटला मिळाला. इतके दिवस मोठे साहेब युक्तिवाद करायचे आणि मी मागे उभी राहून त्यांना पानं काढून द्यायचे. आज त्यांनी एक गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवला, "हा तुमचा" म्हणाले आणि चहाला निघून गेले. सरकारी वकिलाच्या आयुष्यातला एवढा मोठा क्षण, पण मला खुर्चीतून उठायलाही सवड मिळाली नाही. निदान कुठेतरी नोंद असावी म्हणून आजपासून लिहायचं ठरवलं आहे.

खटला आगीचा आहे. एका जुन्या नाट्यगृहाचा कपडेपट जळाला. नाटकांचे सगळे पोशाख, टोप, पडदे, सगळ्याची राख झाली. आत झोपलेल्या पहारेकऱ्याचे दोन्ही हात भाजले. आरोपी आहे कपडेपट सांभाळणारी बाई. साठीला आलेली, विधवा, मूलबाळ नाही, उभा जन्म तिथेच शिवणकाम केलेलं. आग लागली त्याच दिवशी दुपारी व्यवस्थापकाने तिला कामावरून काढलं होतं, आणि तिने चार माणसांदेखत सुनावलं होतं, "काडी लावीन तुमच्या कपडेपटाला." संध्याकाळी कपडेपट पेटला. पहारेकऱ्याने तिला मागच्या दाराने पळताना पाहिलं. खोलीत डाग काढायच्या स्पिरिटचे अंश सापडले.

याहून सोपा खटला मिळाला असता तर मलाच लाज वाटली असती.

घरी सांगितलं. सासूबाईंनी विचारलं, "किती शिक्षा होईल?" मी म्हटलं, आधी खटला तर होऊ दे. त्यांना हे पटलं नाही. नवरा दातांचा डॉक्टर आहे, त्यामुळे तो बोलतो कमी आणि दुसऱ्याच्या तोंडाकडे बघतो जास्त. त्याने अभिनंदन केलं आणि मी हल्ली झोपेत दात खाते का, असं विचारलं.

मार्च ५, गुरुवार

आरोपीला आज पहिल्यांदा पाहिलं. कोठडी वाढवण्याची तारीख होती. मला वाटलं होतं, कोणीतरी कजाग बाई असेल. ही किरकोळ, नीटनेटकी, तुरुंगातल्या कपड्यांनाही व्यवस्थित घड्या पाडलेली. माझ्याकडे एकटक बघत होती. मी मनात म्हटलं, बघ, डोळे वटारून बघ. पोलीस तिला बाहेर नेत होते तेव्हा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली,

"बाळ, कोटाची खांद्यावरची शिवण उसवलीय. टाका आतून घाला, बाहेरून घातलात तर दिसेल."

आता याला काय उत्तर द्यायचं. मी "बरं" म्हटलं. सरकारी वकील आणि आरोपी यांच्यातला हा पहिला संवाद.

तिचा वकील सरकारनेच नेमून दिलेला आहे. गोरा, मऊ, दबक्या आवाजाचा. आमच्या कार्यालयात त्याला कापूस म्हणतात. त्याच्याकडे इतके खटले आहेत की आज तो आधी दुसऱ्याच आरोपीच्या जामिनाबद्दल बोलायला लागला. बाईंनीच त्याची बाही ओढली.

सासूबाईंनी कोट शिवून दिला. बाहेरून.

मार्च ९, सोमवार

आजचा दिवस पुरावे बचावाला देण्यात गेला. आमच्या कामातला हा भाग मला कधीच नीटसा पचला नाही. पोलिसांनी तपासात जे जे गोळा केलं ते सगळं खटला उभा राहण्याआधी समोरच्या वकिलाला दाखवायचं. आपल्या सोयीचं तेही आणि आपल्याला अडचणीचं तेही. पत्त्यांच्या डावात आपली सगळी पानं आधी समोरच्याला दाखवायची आणि मग म्हणायचं, चला, खेळू या. मोठे साहेब म्हणतात, आपण डाव खेळत नसतो. पण जिंकल्यावर पेढे वाटतात तेच.

जबाब, फोटो, स्पिरिटचा अहवाल, सगळं कापसाकडे पाठवलं. पहारेकऱ्याचा जबाब जाता जाता पुन्हा वाचला. तो म्हणतो, कोणीतरी दार जोरजोरात बडवत होतं म्हणून मला जाग आली; कडी तापली होती, ती उघडताना हात भाजले. दार बडवणारे बहुधा बंबवाले असावेत.

तपास करणाऱ्या फौजदारांचा फोन आला होता. सावकाश बोलणारा, लवंग चघळणारा, निवृत्तीला टेकलेला माणूस. म्हणाले, जप्त केलेल्या वस्तूंची खोली बघायला कधी येताय? मी म्हटलं, यादी आहे की माझ्याकडे. शेवटच्या ओळीत लिहिलंय, इतर जळक्या वस्तू, एक खोकं. ते म्हणाले, "यादीत काय, खोकं म्हणजे खोकंच दिसतं." मी विचारलं, त्यात काही महत्त्वाचं आहे का? तर म्हणे, महत्त्वाचं काय ते आमचे वरचे साहेब ठरवतात, मी नुसता गोळा करणारा.

माणसं निवृत्तीच्या आधीच कशी निवृत्त होतात, त्याचा हा नमुना.

मार्च १०, मंगळवार

फौजदारांचा पुन्हा फोन. खोलीची किल्ली त्यांच्याकडेच असते आणि दुपारी ते मोकळे असतात, म्हणून. बिचाऱ्यांना सोबत हवी असावी.

मार्च १३, शुक्रवार

आजचा दिवस सोन्याचा.

पोलीस ठाण्यातून स्कूटरचोरीच्या एका खटल्याचं पाकीट आलं. उघडलं तर आत अग्निशामक दलाच्या फोनचं ध्वनिमुद्रण, आणि तारीख आमच्या आगीची. मी आधी फौजदारांना फोन करून झाडलं. असं महत्त्वाचं मुद्रण आरोपपत्राबरोबर का आलं नाही, आणि आता आलं तेही भलत्याच पाकिटात? ते म्हणाले, वय झालं मॅडम, पाकिटांची अदलाबदल होते. मग जरा थांबून विचारलं, "ऐकलंत का?"

ऐकलं. बाईचा आवाज. नाव सांगत नाही. कपडेपटाच्या खोलीतून धूर येतोय, आत पहारेकरी झोपलाय, लवकर बंब पाठव बाळ, मी त्याला उठवायला चाललेय, असं एका दमात. पलीकडचा माणूस पत्ता विचारतो, ती सांगते. आणि मग, फोन ठेवायच्या आधी, जणू स्वतःशीच: "इस्त्री राहिली वाटतं माझी. इस्त्री चालू राहिली."

"बाळ" ऐकल्याबरोबर माझ्या खांद्यावरची शिवणच बोलली म्हणायची. तीच ती. फोन तिकीटखिडकीतला. म्हणजे कामावरून काढल्यानंतरही ही बाई संध्याकाळी आत गेली होती, इस्त्री लावली होती, आणि आग तिच्याच इस्त्रीने लागली, हे ती स्वतःच्या तोंडाने सांगते आहे. पोलिसांना तिने एवढंच सांगितलं होतं की मी आत गेले होते, पुढचं मला काही विचारू नका. आता कळलं, का विचारू नका ते.

हा कबुलीजबाबच झाला. मी मोठ्या साहेबांच्या खोलीत जवळजवळ धावतच गेले. त्यांनी ऐकलं आणि म्हणाले, "मुद्दाम लावलेली आग यातून कशी सिद्ध होते?" मी म्हटलं, धमकी दिली, परत गेली, इस्त्री कपड्यावर ठेवली आणि निघाली, मग घाबरली. ते म्हणाले, "हं." साहेबांचं हं म्हणजे अर्धी पाठ थोपटणं असतं.

घरी नवऱ्याला ऐन जेवणात हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, आग लावणारी बाई पहारेकऱ्याला उठवायला कशाला जाईल? मी म्हटलं, तू दात बघ.

मार्च १६, सोमवार

मुद्रण कापसाकडे पाठवलं. नियम आहे म्हणून, आणि खरं सांगायचं तर त्याचा चेहरा बघायचा होता म्हणून. तो दुपारी स्वतः आला. खुर्चीच्या टोकावर बसला. म्हणाला, तुरुंगात जाऊन बाईंना ऐकवलं. त्या रडल्या नाहीत, काही नाही. म्हणाल्या, सापडलं ना, बरं झालं. आता मला गुन्हा कबूल करू द्या. पहारेकऱ्याचे हात माझ्यामुळे गेले, मला त्याच्यासमोर खटल्यात उभं राहायचं नाही.

"त्यांना वाटतं आपलीच इस्त्री," कापूस म्हणाला. "पहिल्या दिवसापासून त्यांना हेच वाटतंय, मलाही सांगितलं नाही. आता सगळंच कबूल करायचं म्हणतात. मुद्दाम लावली असंही लिहा म्हणतात, काय फरक पडतो."

मी विचारलं, तुम्ही काय सल्ला दिलात? तो म्हणाला, फरक पडतो हे मी त्यांना अर्धा दिवस समजावलं. मग म्हणाला, माझ्याकडे दुसरं काही नाही हो दाखवायला.

गुरुवार, सव्वीस तारखेला ती न्यायाधीशांपुढे गुन्हा कबूल करणार. माझा पहिला खटला, साक्षीदार न तपासता खिशात. मोठ्या साहेबांनी खरोखरच पाठ थोपटली. मी सगळ्यांना कॉफी पाजली. कॉफी कडू होती की काय कोण जाणे, मला प्यावीशी वाटली नाही.

मार्च १८, बुधवार

आज शेवटी पोलीस ठाण्यात गेले. फौजदारांच्या आग्रहाखातर नव्हे. मुद्रण ऐकल्यावर पुन्हा फोन केला होता तेव्हा ते सहज म्हणून गेले होते, इस्त्रीचं म्हणते ना ती, इस्त्री आहे आमच्याकडे. मी म्हटलं, कबुलीच्या वेळी न्यायाधीशांना दाखवायला इस्त्रीचा एक फोटो असावा. वस्तू डोळ्यांसमोर असली की गोष्ट पूर्ण होते.

खोली तळघरात. सायकली, टीव्ही, लोखंडी पाइप, एका कोपऱ्यात चक्क शिकारीचा भुसा भरलेला कोल्हा. फौजदारांनी खोकं खाली काढलं, टेबलावरची धूळ स्वतः रुमालाने पुसली, खोकं ठेवलं आणि म्हणाले, मी जरा बाहेर उभा राहतो. लवंगेचा वास तेवढा मागे राहिला.

आत इस्त्री होती. जुनी, जड. मूठ अर्धी वितळून खाली ओघळलेली. आणि त्या मुठीभोवती वायर गुंडाळलेली. वायरवरचं आवरण जळून गेलं होतं, पण आतली तांब्याची तार जागच्या जागी होती, वेढ्यावर वेढा, आठाच्या आकारात. टोकाला पिन. ती शेवटच्या वेढ्याखाली व्यवस्थित खोचलेली.

मी बराच वेळ उभी होते. मला आधी एवढंच सुचलं की किती छान गुंडाळली आहे. आमच्या घरी वायर जमिनीवर लोळत असते. मग जे कळलं ते हळूहळू, पायाकडून वर चढत आल्यासारखं. पिन खोचलेली आहे म्हणजे ती भिंतीत नव्हती. वायर मुठीवर आहे म्हणजे इस्त्री गार झाली होती. आग लागली तेव्हा ही इस्त्री बंद होती. कोणीतरी ती गार होईपर्यंत वाट पाहिली, वायर गुंडाळली, जागेवर ठेवली आणि मग ती व्यक्ती खोलीबाहेर पडली.

खोलीबाहेर आले. फौजदारांनी विचारलं, फोटो मिळाला का? मी हो म्हटलं. ते म्हणाले, बरं झालं आलात. एवढंच. त्यांना त्यातलं काही कळलं असेल असं वाटत नाही.

मार्च १९, गुरुवार

मोठ्या साहेबांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

ते म्हणाले, नियमाप्रमाणे खोक्याचा उल्लेख यादीत आहे, यादी बचावाकडे आहे. त्याने जाऊन बघायला हवं होतं. बाई स्वतः कबूल करते आहे. वायर कोणी नंतर गुंडाळली नाही कशावरून? आणि इस्त्री नसली तरी काडी असू शकते. सगळं खरं. मी मान हलवत होते.

"खटला तुमचा आहे," ते शेवटी म्हणाले. "पण हात दाखवून अवलक्षण करून घ्यायची गरज नसते, एवढं सांगून ठेवतो."

अग्निशामक दलाच्या अधिकाऱ्याला फोन केला. ते म्हणाले, आम्ही तेव्हाच कळवलं होतं की सुरुवात दिव्यांच्या जुन्या बोर्डापासून झाल्यासारखी वाटते. नक्की सांगता येत नव्हतं, म्हणून पोलिसांच्या वरच्या साहेबांनी ते वाक्य घेतलं नसेल. व्यवस्थापकाने त्या बोर्डाबद्दल जबाबात चकार शब्द काढलेला नाही.

मार्च २१, शनिवार

काहीच केलं नाही. कपाट आवरलं. सासूबाईंना कळेना, चांगली आवरलेली साडी मी पुन्हा का घडी करते आहे.

काही न करणं किती सोपं असतं, हे मला आधी माहीत नव्हतं. गुरुवारपर्यंत नुसतं बसून राहायचं. कोणी विचारणार नाही. कापूस विचारणार नाही, बाई तर नाहीच. खोटं बोलायचं नाही, काही दडवायचं नाही, खोकं आहे तिथेच आहे. आणि पहिला खटला जिंकलेला.

नवऱ्याला विचारलं, अगदी सहज विचारल्यासारखं. पेशंट आला, म्हणाला हाच दात दुखतो, काढा. एक्स-रेत दात चांगला दिसला. तर?

"नाही काढत."

तो हट्टाला पेटला तर? त्याचीच इच्छा आहे.

"त्याला एक्स-रे दाखवतो," तो म्हणाला. "बहुतेक वेळा दुखणं शेजारच्या दातात असतं. पण ज्याचं दुखतंय त्याला ते कळत नाही." मग त्याने विचारलं, कोणाबद्दल बोलतेयस? मी म्हटलं, कोणाबद्दल नाही, दातांबद्दल.

मार्च २३, सोमवार

सकाळी पहिलं काम म्हणून कापसाला फोन केला आणि म्हटलं, पोलीस ठाण्याच्या तळघरात एक खोकं आहे, ते आज बघा, मी सोबत येते. तो म्हणाला, आज माझ्या चार तारखा आहेत. मी म्हटलं, आजच.

तो आला. बघितलं. माझ्यासारखाच तोही पिनेपर्यंत आला आणि थांबला. मग मऊ आवाजात म्हणाला, "हे तुम्ही मला का दाखवताय?" मला राग आला. नियम आहे म्हणून, असं मी म्हणाले. तो हसला. या माणसाला हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. इस्त्रीचे फोटो, अग्निशामक अधिकाऱ्याचं म्हणणं, सगळं लेखी त्याच्या हाती दिलं.

फौजदार जिन्यावर भेटले. आज त्यांच्या तोंडात लवंग नव्हती, शिट्टी होती. गाणं ओळखता आलं नाही.

मोठे साहेब दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. संध्याकाळी जाताना मात्र माझ्या टेबलापाशी थांबले आणि म्हणाले, गुरुवारी मीही येतो.

मार्च २६, गुरुवार

सविस्तर लिहायला हवं, नाहीतर नंतर मला स्वतःलाच खरं वाटणार नाही.

न्यायाधीशांनी आरोपीला विचारलं, गुन्हा कबूल आहे का? ती हो म्हणायला उभी राहिली तेवढ्यात कापूस मध्ये उठला. त्याने विनंती केली की तिने उत्तर देण्याआधी तिला एक वस्तू दाखवू द्यावी. तुरुंगात ती त्याच्याशी याबद्दल बोलायलाच तयार नव्हती. तुम्ही मला सोडवायला काहीही सांगाल, असं म्हणाली होती. न्यायाधीशांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, सरकार पक्षाची हरकत नाही.

खोकं उघडलं. इस्त्री तिच्यासमोर ठेवली. तिने आधी तोंड फिरवलं. भाजलेलं माणूस पाहताना फिरवावं तसं. कापूस म्हणाला, बाई, मूठ बघा. तिने पाहिलं. मग वाकून पाहिलं. पोलीस पुढे झाला, न्यायाधीशांनी त्याला हातानेच थांबवलं. बाईंनी एक बोट पुढे करून तारेचे वेढे मोजल्यासारखे केले आणि पिनेपाशी थांबल्या.

"ही मी गुंडाळलीय," त्या म्हणाल्या. "पिन अशी मीच खोचते. दुसऱ्या दिवशी प्रयोग होता. नाटकातल्या त्या पोरीच्या झग्याचा घेर इस्त्रीचा राहिला होता, म्हणून गेले होते. राग होता, पण झगा काय करणार. इस्त्री गार झाली, मग गुंडाळली." आणि मग कोणाकडेही न बघता, "म्हणजे मी नव्हते?"

न्यायालयात असा प्रश्न कोणाला उद्देशून असतो? न्यायाधीशांना उत्तर देता येत नाही. तिचा वकील चष्मा शोधत होता, आणि चष्मा त्याच्या डोळ्यांवरच होता.

"नाही," मी म्हणाले. "तुम्ही नव्हता."

मागच्या बाकावर मोठे साहेब खाकरले. त्यांच्या शेजारी फौजदार बसले होते, साध्या कपड्यांत. आज त्यांचं इथे काहीच काम नव्हतं. दुसऱ्या कोणत्या तारखेला आले असतील आणि खोली चुकली असेल.

बाहेर आल्यावर साहेब म्हणाले, सरकारी वकिलाने भर न्यायालयात आरोपीला असं उत्तर द्यायचं नसतं. मी म्हटलं, चुकले. ते म्हणाले, हो, चुकलात, आणि माझी फाइल स्वतःच्या हातात घेऊन पुढे चालू लागले.

बाईंना जामीन झाला. मी हरले असं म्हणायचं की अजून खटला उभाच राहिला नाही असं म्हणायचं, ते ठरलेलं नाही. सासूबाईंना सांगितलं, शिक्षा नाही. त्या म्हणाल्या, मग तू काय केलंस इतके दिवस?

एप्रिल २, गुरुवार

सरकार पक्षाने खटला मागे घेतला. अर्ज मीच वाचला. आवाज मधे एकदा चिरकला, धूळ फार असते तिथे. व्यवस्थापकाची दिव्यांच्या बोर्डाबद्दल वेगळी चौकशी सुरू झाली आहे. ते काम दुसऱ्या कोणाकडे गेलं, ते बरंच.

पहारेकऱ्यालाही आज बोलावलं होतं. हातांच्या पट्ट्या निघाल्या आहेत, पण बोटं अजून नीट वळत नाहीत. आत उभा असताना त्याला सांगण्यात आलं की त्या संध्याकाळी दार बडवून त्याला कोणी उठवलं. त्याने फक्त विचारलं, ती आली आहे का आज?

आली होती. मी खांबाजवळ माझे कागद नीट लावत होते, म्हणून दिसलं. ओसरीतल्या बाकाच्या एका टोकाला ती बसली होती, दुसऱ्या टोकाला तो येऊन बसला. मध्ये दोन माणसं बसतील एवढी जागा. तिने त्याच्या हातांकडे बघितलं नाही. जमिनीकडे बघत तिने विचारलं, दुखतात का. तो म्हणाला, थंडीत दुखतील असं डॉक्टर म्हणतात. मग म्हणाला, तू आवाज दिला असतास तर मी ओळखलं असतं गं. ती म्हणाली, धुरात आवाज फुटेना, म्हणून बडवत राहिले.

माणसं जात-येत होती.

त्याच्या सदऱ्याची वरची दोन बटणं उघडी होती. तो लावायला बघत होता, अंगठा बटणावरून घसरत होता, आणि आपण तसं करत नाही आहोत असं दाखवत होता. तिने अखेर मान वर केली. मधली जागा ओलांडून सरकली, त्याचे हात हळूच बाजूला केले, एक बटण लावलं, दुसरं लावलं, आणि कॉलर सरळ केली. त्याने हनुवटी वर धरली होती, माप देताना धरतात तशी.

आतून माझ्या नावाचा पुकारा झाला. पुढचा खटला लागला होता. मी कागद पुन्हा एकदा नीट लावले.